शिक्षणशास्त्रातल्या संशोधकाची प्रकाशने आणि सायटेशन कशी मोजावीत : आधी यादी, मग आकडा

पदोन्नतीचा कॅस (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) प्रस्ताव, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल किंवा एखाद्या शिष्यवृत्तीचा अर्ज समोर आला, की शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाला पहिला प्रश्न पडतो : माझा एच-इंडेक्स किती? (सायटेशन म्हणजे एखाद्या लेखनाने आपल्या कामाचा संदर्भ म्हणून केलेला उल्लेख, आणि एच-इंडेक्स ७ म्हणजे प्रत्येकी किमान सात सायटेशन मिळालेले सात लेख.) उत्तरासाठी गुगल स्कॉलर उघडले जाते, दिसेल तो आकडा अर्जात उतरतो आणि छाननीच्या दिवशी त्या आकड्याचा पाया विचारला, की सांगता येत नाही. आकडा चुकतो तो बेरजेत नव्हे, यादीत. काही लेख यादीत आलेलेच नसतात, काही दोनदा आलेले असतात, काही दुसऱ्याच कुणाचे असतात. म्हणून या लेखातला बराच भाग यादी नीट करण्यावर आहे. मोजणीचे काम त्यानंतर तासाभरात उरकते. तीस-चाळीस प्रकाशने असतील तर पूर्ण कामाला दोन ते तीन दिवस धरा.

हा लेख महाराष्ट्रातल्या बी.एड., एम.एड. महाविद्यालयांतल्या आणि विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांतल्या अध्यापक-संशोधकांना समोर ठेवून लिहिला आहे. ग्रंथपाल आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक यांनाही तो वापरता येईल.

शिक्षणशास्त्राला वेगळी मोजपट्टी का लागते

पदार्थविज्ञानातला निबंध दोन-तीन वर्षांत भरपूर उद्धृत होतो. शिक्षणशास्त्राची चाल संथ आहे. ली शुलमन यांनी १९८६ साली 'एज्युकेशनल रिसर्चर' या नियतकालिकात विषयाच्या आशयाचे अध्यापनाशी असलेले नाते मांडले, तो लेख आजही नव्या निबंधांच्या संदर्भसूचीत सापडतो. अशा विषयात दोन वर्षांच्या खिडकीतून मोजलेला कोणताही आकडा अपुराच पडणार.

दुसरे असे, की या विषयात पुस्तके, प्रकरणे, अहवाल, शिक्षक-हस्तपुस्तिका आणि चाचण्या यांचा वाटा मोठा आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे दोन्ही डेटाबेस मुख्यतः नियतकालिकांवर, त्यातही इंग्रजी नियतकालिकांवर उभे आहेत. मराठीत लिहिलेले जवळजवळ काहीच तिथे जात नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा 'एरिक' हा शिक्षणविषयक साहित्याचा मोठा मोफत डेटाबेस आहे. साहित्य शोधायला तो उत्तम, पण तो सायटेशन मोजत नाही. अनेकजण एरिकमधली नोंद 'इम्पॅक्ट'चा पुरावा म्हणून जोडतात, तो पुरावा फक्त नोंद झाल्याचा असतो.

पहिली पायरी : मूळ नोंदवही

कोणत्याही संकेतस्थळावर जाण्यापूर्वी एक एक्सेल पत्रक तयार करा. प्रत्येक प्रकाशनाला एक ओळ. रकाने असे : अनुक्रमांक, प्रकार, सर्व लेखकांची नावे छापील क्रमाने, पत्रव्यवहाराचा लेखक कोण, शीर्षक मूळ भाषेत, शीर्षक रोमन लिपीत जसे छापले आहे तसे, नियतकालिक किंवा प्रकाशक, खंड-अंक-पृष्ठे, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक), ऑनलाइन प्रसिद्धीची तारीख, अंकाची तारीख, भाषा आणि पुराव्याच्या फाइलचे नाव.

ऑनलाइन तारीख आणि अंकाची तारीख वेगळ्या ठेवण्याचे कारण आहे. एखादा लेख डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन येतो आणि मार्च २०२३ च्या अंकात छापला जातो. एका डेटाबेसमध्ये तो २०२१ चा, दुसऱ्यात २०२३ चा. नॅकच्या पाच वर्षांच्या चौकटीत तो बसतो की नाही, हे यावरच ठरते. कोणती तारीख धरायची ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तीच वापरा.

'प्रकार' या रकान्यात ढिलाई नको. तज्ज्ञ-परीक्षित शोधनिबंध, परिषदेच्या इतिवृत्तातला लेख, संपादित ग्रंथातले प्रकरण, स्वतंत्र पुस्तक, अनुवाद, पाठ्यपुस्तक किंवा हस्तपुस्तिका, शिक्षकांसाठीचे लेखन, वृत्तपत्रीय लेख असे गट करा. राज्य मंडळाच्या 'शिक्षण संक्रमण'मधले किंवा एससीईआरटीच्या (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) 'जीवन शिक्षण'मधले लेख 'शिक्षकांसाठीचे लेखन' या गटात अभिमानाने लिहा, पण शोधनिबंधांत मिसळू नका. छाननी समितीला एक नोंद चुकीच्या गटात सापडली, की ती उरलेल्या सगळ्या नोंदींकडे संशयाने पाहते.

दुबार नोंदी इथेच काढायच्या. परिषदेत वाचलेला निबंध पुढे नियतकालिकात आला असेल आणि मजकूर तोच असेल, तर एकच ओळ ठेवून दुसरी आवृत्ती शेरा म्हणून लिहा. पुस्तकाची दुसरी आवृत्ती हे नवे पुस्तक नव्हे. मराठी पुस्तकाचा हिंदी अनुवाद मात्र वेगळी ओळ मागतो, कारण त्याची सायटेशन स्वतंत्रपणे शोधावी लागतात.

पुराव्याची फाइल म्हणजे मुखपृष्ठ, आयएसएसएन असलेले पान, अनुक्रमणिका आणि लेखाचे पहिले पान, या चार पानांची एक पीडीएफ. डीओआय नसलेल्या मराठी अंकांसाठी ही चार पाने म्हणजेच तुमचा डीओआय. जुने अंक मिळणे वर्षागणिक अवघड होत जाते, म्हणून हे काम प्रस्तावाची वाट न पाहता करावे.

दुसरी पायरी : नावाचा गुंता सोडवणे

मराठी नावे डेटाबेसला नीट कळत नाहीत. पाटील, कुलकर्णी, जाधव, शिंदे ही आडनावे आणि त्यांपुढे एकच आद्याक्षर, एवढ्यावर शेकडो माणसे एकाच प्रोफाइलमध्ये गोळा होतात. गायकवाड, जाधव, चव्हाण यांची रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, त्यामुळे एकच माणूस अनेक प्रोफाइलांत विखुरतो. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचे आधीचे काम तर बहुतेकदा पूर्णच सुटते. काही नियतकालिके वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव आडनाव समजून छापतात.

यासाठी पत्रकाच्या दुसऱ्या पानावर आपल्या नावाची आजवर छापली गेलेली सर्व रूपे लिहून काढा, देवनागरीतलीसुद्धा. पुढचा प्रत्येक शोध या सगळ्या रूपांनी करायचा आहे.

मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा जागतिक क्रमांक, घ्या. तो मोफत आहे, सोळा अंकी आहे, चार-चारच्या चार गटांत लिहितात आणि शेवटचे चिन्ह कधी कधी अंकाऐवजी एक्स असते, त्यामुळे एक्स दिसला तर चूक समजू नका. ऑर्किडच्या पानावर 'या नावांनीही ओळख' या जागी सर्व रूपे भरा. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेला आपोआप नोंद करण्याची परवानगी द्या. त्यानंतर निबंध पाठवताना ऑर्किड क्रमांक दिला आणि प्रकाशकाने तो क्रॉसरेफकडे कळवला, की लेख छापला जाताच नोंद स्वतः येते. जुन्या नोंदी डीओआय टाकून एकेक आणाव्या लागतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'विद्वान' या भारतीय संशोधकांच्या माहितीसूचीतला क्रमांकही याच वेळी घ्या किंवा अद्ययावत करा आणि त्यात ऑर्किड जोडा.

तिसरी पायरी : गुगल स्कॉलरची साफसफाई

प्रोफाइल उघडताना संस्थेचा ईमेल देऊन तो पडताळा. त्याशिवाय प्रोफाइल इतरांना स्कॉलरच्या शोधात सापडत नाही. लेख आपोआप जोडायचे की आधी विचारायचे, असा पर्याय येतो. 'आधी विचारा' हाच निवडा. आपोआप जोडण्याची सोय चालू ठेवली, की वर्षभरात नावबंधूंचे कृषी, वैद्यक आणि अभियांत्रिकीतले लेख तुमच्या नावावर जमा होतात आणि तुमचा एच-इंडेक्स तुमचा राहत नाही.

आता मूळ नोंदवही शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. परका लेख दिसला तर खूण करून काढून टाका. एकच लेख दोन-तीन रूपांत दिसला तर त्या सर्वांवर खूण करून 'मर्ज' करा आणि सर्वांत अचूक नोंद मुख्य म्हणून निवडा. विलीन केल्यावर सायटेशनची बेरीज अपेक्षेपेक्षा कमी येऊ शकते, कारण एकाच लेखाने दोन्ही रूपे उद्धृत केली असतील तर ते एकदाच धरले जाते. आकड्याशेजारी तारांकन दिसले तर त्या बेरजेत तुमच्या लेखाशी न जुळणाऱ्या नोंदींची सायटेशन असू शकतात, असा अर्थ. ती नोंद उघडून बघायलाच हवी.

उलट दिशेची चूकही होते. 'प्रस्तावना', 'पुस्तक परीक्षण', 'संपादकीय' अशी सर्वसामान्य शीर्षके स्कॉलर वेगवेगळ्या लेखकांत मिसळतो. संपादित ग्रंथाची सायटेशन प्रकरणाच्या लेखकाला किंवा प्रकरणाची सायटेशन संपादकाला, असेही घडते. पहिल्या दहा लेखांची 'यांनी उद्धृत केले' ही यादी उघडून प्रत्येकी किमान वीस नोंदी डोळ्यांखालून घाला. त्यात प्रबंध, अपूर्ण मसुदे, एकच लेख दोन संकेतस्थळांवर, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, असे सगळे मिळते. प्रबंध आणि पुस्तके मोजणे ही स्कॉलरची खरी ताकद आहे, आणि तज्ज्ञ-परीक्षणाची चाळणी नसणे हा त्याचा दोष. आकडा देताना दोन्ही लक्षात हवे.

आकडेवारी बाहेर काढण्यासाठी अ‍ॅन-विल हार्झिंग यांचे 'पब्लिश ऑर पेरिश' हे मोफत सॉफ्टवेअर सोयीचे पडते. स्रोत म्हणून गुगल स्कॉलर किंवा ओपनअ‍ॅलेक्स निवडा, नाव अवतरणचिन्हांत लिहा, वर्षांची मर्यादा घाला, परक्या नोंदींची खूण काढा आणि यादी सीएसव्हीत साठवा. स्कॉलर एका शोधात हजारांहून जास्त निकाल देत नाही. घाईने एकापाठोपाठ एक शोध केले, की तो 'तुम्ही यंत्रमानव नाही ना' अशी पडताळणी मागून थांबतो. काही वेळ थांबून पुन्हा सुरू करा. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिकने उघडू नका, देवनागरी शीर्षके विस्कटतात. 'डेटा' मेनूतून मजकूर फाइल आयात करा आणि सांकेतिकीकरण यूटीएफ-८ निवडा.

चौथी पायरी : स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि त्यांची मागची दारे

वर्गणी नसलेल्या महाविद्यालयातूनही स्कोपसमध्ये लेखकाचा शोध मोफत करता येतो. तिथला लेखक-क्रमांक आणि एच-इंडेक्स दिसतो. दोन-तीन प्रोफाइल सापडली तर 'ऑथर फीडबॅक'मधून ती जोडण्याची विनंती पाठवा. स्वसायटेशन वगळून आकडा काढण्याची सोय वर्गणीच्या खात्यात आहे, त्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक फेरी करावी.

शिक्षणशास्त्राच्या संशोधकाला सर्वाधिक उपयोगी पडणारी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय इथेच आहे. तुमचे पुस्तक किंवा मराठी निबंध स्कोपसमध्ये नसला, तरी स्कोपसमधल्या एखाद्या लेखाने तो संदर्भसूचीत घेतला असेल, तर त्याची नोंद राहते. स्कोपसमध्ये ती 'सेकंडरी डॉक्युमेंट्स'खाली दिसते. वेब ऑफ सायन्समध्ये 'साइटेड रेफरन्स सर्च' हा वेगळा शोध आहे : लेखक, ग्रंथ किंवा नियतकालिकाचे संक्षिप्त नाव आणि वर्ष भरायचे. ग्रंथाचे नाव सूचीत दहा प्रकारे छोटे केलेले असते, म्हणून पहिले दोन-तीन शब्द देऊन पुढे तारांकन लावा आणि सर्व रूपांवर खूण करा. ही सायटेशन एच-इंडेक्समध्ये धरली जात नाहीत. ती स्वतंत्र ओळीत दाखवावी लागतात.

एक बारकावा फार महत्त्वाचा. डेटाबेसबाहेरच्या ग्रंथांसाठी वेब ऑफ सायन्स फक्त पहिल्या लेखकाचे नाव नोंदवते. जे. पी. नाईक यांनी सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास नाईकांच्या नावाने शोधला तर हाती काही लागत नाही, तो नुरुल्लांच्या नावाखाली शोधावा लागतो. तुम्ही दुसरे लेखक असलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी हेच करा.

वर्गणी अजिबात नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स वापरा. २०२२ पासून हा डेटाबेस पूर्ण खुला आहे. व्याप्ती मोठी आहे, पण पाटील-कुलकर्णींची सरमिसळ तिथेही होते, त्यामुळे लेखक-प्रोफाइलचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. डीओआय देऊन एकेक लेखाचा आकडा घेणे सुरक्षित.

पाचवी पायरी : मराठीतल्या कामाचा माग

मराठी लेख स्कॉलरला का सापडत नाहीत, याचे एक तांत्रिक कारण आहे. अनेक वर्षे मराठी नियतकालिकांची अक्षरजुळणी श्री-लिपी, आकृती यांसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झाली. पीडीएफ पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अनाकलनीय रोमन अक्षरे येतात. शोधयंत्राला तीच अक्षरे दिसतात. आपल्या लेखावर ही चाचणी करून बघा. मजकूर विस्कटत असेल तर शीर्षक, सारांश आणि संदर्भसूची युनिकोडमध्ये नव्याने टंकून, नियतकालिकाच्या परवानगीने, संस्थेच्या भांडारात ठेवा.

सायटेशन शोधण्यासाठी शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचे ऑनलाइन भांडार हा मुख्य स्रोत. तिथे प्रबंध प्रकरणवार फाइलींत असतात आणि संदर्भसूची बहुधा स्वतंत्र फाइल असते. आपल्या विषयाच्या जवळचे प्रबंध निवडा, त्यांच्या संदर्भसूची उतरवून घ्या आणि नावाच्या सर्व रूपांनी शोधा. जुने प्रबंध निव्वळ छायाप्रती असतात, तिथे यंत्राचा शोध चालत नाही, पाने नजरेनेच चाळावी लागतात. एम.एड.चे लघुशोधप्रबंध विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असतात. शिक्षणशास्त्रात एखादी अभिवृत्ती-श्रेणी किंवा संपादन चाचणी तयार करणाऱ्याचे काम प्रामुख्याने इथेच वापरले जाते, आणि कोणत्याही डेटाबेसला त्याचा पत्ता नसतो.

पुस्तकांसाठी वर्ल्डकॅटवर किती ग्रंथालयांत प्रत आहे ते पाहा. गुगल बुक्समध्ये शीर्षक अवतरणचिन्हांत शोधा. विद्यापीठांच्या बी.एड. आणि एम.एड. अभ्यासक्रमांत पुस्तक संदर्भग्रंथ म्हणून लावले असेल तर त्या अभ्यासक्रमाचे पान, वर्ष आणि विषयाचा संकेतांक नोंदवा. एससीईआरटीचे प्रशिक्षण साहित्य, बालभारतीच्या पुस्तकांतली अभ्यासगटाची नावे, शासनाचे अहवाल यांत उल्लेख असेल तर तोही पुरावा आहे, मात्र 'सायटेशन' या शीर्षकाखाली नव्हे तर 'धोरण आणि व्यवहारातला वापर' या शीर्षकाखाली.

सहावी पायरी : आकडे काढणे

आता मोजणी. समजा बारा लेखांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी आहेत : ४६, ३१, १९, १२, ९, ७, ७, ४, ३, १, ०, ०. एकूण १३९.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली सुचवला. यादीत वरून खाली उतरत जा आणि क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होण्याआधी थांबा. सातव्या लेखाला ७ सायटेशन आहेत, आठव्याला ४. म्हणून एच-इंडेक्स ७. आय-१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले लेख, इथे ४. लिओ एग्घे यांचा जी-इंडेक्स वरच्या लेखांना जास्त वजन देतो : पहिल्या जी लेखांची एकूण सायटेशन जीच्या वर्गाइतकी किंवा जास्त हवीत. पहिल्या ११ लेखांची बेरीज १३९, ११ चा वर्ग १२१, बसते. बाराव्याला १४४ लागतात, बसत नाही. जी-इंडेक्स ११.

सरासरी ११.६ येते, मध्यांक ७. दोन्ही द्या. पहिल्या दोन लेखांनीच निम्म्याहून अधिक, ७७ सायटेशन आणली आहेत, आणि हे सरासरीवरून कधीच कळत नाही.

आता स्वसायटेशन वजा करा. समजा ती १७ आहेत आणि उरलेला क्रम असा : ४३, २९, १७, १०, ७, ५, ४, ३, ३, १, ०, ०. एकूण १२२. पाचव्या लेखाला ७, सहाव्याला ५, म्हणजे एच-इंडेक्स ७ वरून ५ वर आला, आय-१० मात्र ४ च राहिला. एकूण सायटेशनमध्ये फक्त बारा टक्के घट आणि एच-इंडेक्समध्ये दोन अंकांची, कारण स्वसायटेशन उंबरठ्यावरच्या लेखांना वर ढकलते. स्वतःच्या आधीच्या कामाचा आधार घेणे रास्तच आहे, टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या कृतिसंशोधनात ते टळतही नाही. लपवणे तेवढे चूक. दोन्ही आकडे शेजारी लिहा.

वयाचा परिणाम कमी करायचा असेल तर एच-इंडेक्सला पहिल्या प्रकाशनापासूनच्या वर्षांनी भागा. सहलेखक बरेच असतील तर पब्लिश ऑर पेरिशमधला लेखकसंख्येने समायोजित केलेला आकडा घ्या.

तुलना कुणाशी

एच-इंडेक्स ७ चांगला की वाईट, हे एकट्या आकड्यावरून सांगता येत नाही. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याशी तुलना निरर्थक. शिक्षणशास्त्रातही अध्ययन मानसशास्त्रावरचे लेख शालेय प्रशासनावरच्या लेखांपेक्षा जास्त उद्धृत होतात.

घरच्या घरी करता येणारी प्रामाणिक तुलना अशी : तुमचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याचे त्याच वर्षीचे सर्व शोधनिबंध पब्लिश ऑर पेरिशमध्ये काढा, संपादकीये आणि परीक्षणे वगळा, सायटेशनप्रमाणे लावा. चाळीस लेखांत तुमचा सहावा आला तर 'वरच्या १५ टक्क्यांत' असे लिहिता येते. दोन वर्षांहून नव्या लेखांवर हा प्रयोग करू नका, आकडे अजून स्थिरावलेले नसतात.

स्कोपसचा क्षेत्रभारित सायटेशन निर्देशांक हेच काम जागतिक पातळीवर करतो. १ म्हणजे त्या विषयाची, त्या वर्षाची आणि त्या प्रकारच्या लेखांची जागतिक सरासरी. लेखाकडून ४ सायटेशन अपेक्षित असताना १० मिळाली तर २.५. मात्र दहा-बारा लेखांच्या संचावर हा आकडा एका गाजलेल्या लेखाने वाटेल तिथे जातो, म्हणून थोडे लेख असतील तर तो लेखनिहाय द्या, एकत्र नको.

नियतकालिकाचा आकडा आणि यूजीसीचे गुण

इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नाही. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतले गणनेस पात्र लेख. तो वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असेल तरच खरा. जून २०२३ पासून तिथे तो एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो, त्यामुळे चालू वर्षाचा '५.२४७' असा आकडा एखाद्या नियतकालिकाने मिरवला, तर तिथेच थांबून मूळ अहवाल तपासा. स्कोपसचा साइटस्कोर वेगळा आहे, चार वर्षांच्या खिडकीचा. तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात लिहू नका.

१८ जुलै २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांतला परिशिष्ट २, तक्ता २ काळजीपूर्वक वाचला तर एक गोष्ट लक्षात येते : त्यात सायटेशनला गुणच नाहीत. प्रकाशन, लेखकांचा क्रम आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर यांवर गुण आहेत. शिक्षणशास्त्रात प्रत्येक शोधनिबंधाला मूळ १० गुण. त्यात भर अशी : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेले तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिक ५, एकपेक्षा कमी १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनहून अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकात एकट्याने लिहिलेला निबंध १५, १.४ इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकात दोघांनी लिहिलेला २५ चे ७० टक्के म्हणजे १७.५, आणि २.६ च्या नियतकालिकात तिसरे लेखक म्हणून ३० चे ३० टक्के म्हणजे ९. पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडे १०, प्रकरणाला ५, अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला किंवा निबंधाला ३. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकासाठी किमान सात प्रकाशने आणि ७५ गुण, प्राध्यापकासाठी दहा प्रकाशने आणि १२० गुण लागतात. तुमच्या पात्रता-दिनांकाला कोणते विनियम लागू होते, हे आयक्यूएसीकडून लेखी घ्या.

नियतकालिकांच्या यादीबद्दलही तारखेचे भान हवे. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या जुन्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचे जाहीर झाले. तुमचा लेख प्रसिद्ध झाला त्या दिवशी नियतकालिक यादीत होते, याचा त्या वेळचा स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत हाच पुरावा. केअर यादीतल्या अनेक नियतकालिकांच्या नकली संकेतस्थळांवर लोक फसले आहेत. नाव आणि आयएसएसएन तेच, पण पत्ता वेगळा. आयएसएसएन पोर्टलवरच्या नोंदीतला संकेतस्थळाचा पत्ता ताडून पाहिला की खरे-खोटे बरेचसे कळते.

सायटेशन कशासाठी आले

आकड्यांच्या जोडीला पहिल्या पाच लेखांची सायटेशन वाचून काढा आणि चार गटांत लावा : नुसता उल्लेख, व्याख्या किंवा चौकट घेतली, साधन किंवा पद्धत वापरली, निष्कर्ष तपासले किंवा खोडले. शंभर सायटेशन वाचायला एक दिवस लागतो. आमच्या मते संपूर्ण मूल्यमापनातला हा सर्वांत मोलाचा दिवस. 'माझी श्रेणी नऊ प्रबंधांत वापरली गेली, त्यांतल्या तिघांनी तिची विश्वसनीयता पुन्हा काढली' हे वाक्य एच-इंडेक्सपेक्षा जास्त सांगते. संशोधन मूल्यमापनाविषयीचा २०१५ चा लायडन जाहीरनामाही स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे, असे स्पष्ट म्हणतो. मराठी माध्यमाच्या शाळांवरचे काम त्याच वर्गातले.

याच वेळी तुम्ही उद्धृत केलेले किंवा तुम्हाला उद्धृत करणारे लेख मागे घेतले गेले आहेत का, ते रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या यादीत तपासा.

अर्जात लिहायचा मजकूर

प्रत्येक आकड्याला स्रोत, तारीख आणि व्याप्ती जोडा. नमुना असा :

'दि. ____ रोजीची स्थिती. मूळ नोंदवहीतील एकूण प्रकाशने ३४ : शोधनिबंध १२, प्रकरणे ७, पुस्तके ३, शिक्षकांसाठीचे लेखन १२. शोधनिबंधांची सायटेशन गुगल स्कॉलरनुसार १३९, स्वसायटेशन वगळून १२२. एच-इंडेक्स अनुक्रमे ७ आणि ५. स्कोपसमध्ये १२ पैकी ४ निबंध समाविष्ट. स्कोपसबाहेरील पुस्तकांना स्कोपसमधील लेखांनी दिलेली सायटेशन स्वतंत्र जोडपत्रात. शोधगंगेवरील प्रबंधांतील वापर जोडपत्र दोनमध्ये.'

त्या दिवशीच प्रत्येक पानाची पीडीएफ काढून ठेवा, कारण स्कॉलरचा आकडा आठवड्याभरात वर-खाली होऊ शकतो आणि छाननी चार महिन्यांनी होते. जोडपत्रांतल्या फाइलींची नावे नोंदवहीतल्या अनुक्रमांकाने सुरू करा, म्हणजे समितीने सतरावी नोंद विचारली तर सतरा क्रमांकाची फाइल लगेच समोर ठेवता येते.